लक्ष्मीवहिनींचं गाऱ्हाणं

लालबागच्या हनुमान हाइट्समधल्या माणसांना देवाला काही सांगायचं असलं, तर ते गुणाजी पालवांमार्फत सांगावं लागतं. आणि गुणाजींनी सांगितलेलं देवापर्यंत पोचावं असं वाटत असेल, तर खालून त्यांच्या बायकोने, लक्ष्मीवहिनींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं लागतं. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही. पण सोसायटीचे जे नियम लिहून ठेवलेत ते कोणीच पाळत नाही, म्हणून न लिहिलेला हा एक टिकला असावा.

पूर्वी इथे हनुमान चाळ होती. ती पाडून टॉवर झाला, जिन्याच्या जागी लिफ्ट आली, मोरीचं बाथरूम झालं आणि शेजाऱ्याच्या घरी काय शिजतंय हे आता विचारल्याशिवाय कळेनासं झालं. पण माघातली सत्यनारायणाची पूजा आणि तिच्यानंतरचं मालवणी गाऱ्हाणं चाळीतून टॉवरमध्ये जसंच्या तसं राहायला आलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे तक्रार, विनवणी आणि थोडी दमदाटी, सगळं एका दमात. वडीलधारा पुरुष हातात नारळ धरून मोठ्याने एकेक मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ असा हुंकार देतात. हुंकार पडला की मागणं वर गेलं. नाही पडला तर हवेतच राहिलं.

गुणाजी म्हणजे नाना. सत्तरी ओलांडल्यापासून अख्खी बिल्डिंग त्यांना नाना म्हणते. हुंकाराच्या बाबतीत नाना फार कडक. ‘‘देवाक काय एकट्या माणसाचा आयकूक येळ असा?’’ असं ते विचारत.

नानांचा आवाज मिलच्या साचेखात्यात तयार झालेला. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम खडखडत असताना पलीकडच्याकडे चिमूटभर तंबाखू मागायची, तर माणसाला तुतारीच व्हावं लागतं. लक्ष्मीवहिनींचा आवाज तयार झाला चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. खाली रस्त्यावर खेळणाऱ्या शंभर पोरांतून आपली तेवढी तीन एका हाकेत जेवायला वर आणणं, हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. त्यामुळे पूजेला त्यांचा ‘व्हय’ निघाल्याशिवाय बाकी कोणाचा निघत नसे. त्या सुरुवात करायच्या, लोक ‘म्हाराजा’च्या सुमाराला घाईघाईने आत शिरायचे.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा पालवांच्या एका खोलीत सासूबाईंची खानावळ होती. पाळी सुटली की मिलमधले मेंबर जेवायला यायचे. ते उठले की त्यांच्या जागेवर घरची माणसं जेवायची, आणि ती उठली की त्याच जागेवर झोपायची. एवढ्या गर्दीत पहिली मुलगी झाली. सासूबाई म्हणाल्या, लक्ष्मी आली. दुसरी मुलगी झाली. सासूबाई म्हणाल्या, आता लक्ष्म्या पुरेत, वंशाला दिवा हवा. तोपर्यंत संप झाला होता, मेंबर गावी गेले होते, खानावळ बंद पडली होती, नाना घरी बसले होते आणि वहिनी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटत होत्या. दिवा लावायला कोणाची ना नव्हती, पण तेल वहिनी घालणार होत्या. शेवटी रूपेश झाला. सासूबाईंनी चाळभर पेढे वाटले. वहिनींनी पडल्या पडल्या नर्सला विचारलं, ‘‘आता थांबलं तर चालेल ना?’’ नर्स म्हणाली, ‘‘मला काय विचारता बाई? घरी विचारा.’’

मुलं किती, हे गणित असं सासूने, नवऱ्याने आणि गावच्या देवाने मिळून सोडवलं. वहिनींकडे फक्त उत्तर सांभाळायला दिलं. ते त्यांनी असं सांभाळलं की बघत राहावं. तिघंही शिकली, तिघंही कामाला लागली, तिघांपैकी एकानेही कधी ताटात भात टाकला नाही. वहिनींना या गोष्टीचा मोठा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

आता घरात रूपेश, त्याची बायको मेघना आणि त्यांची ओवी. मेघना गिरगावातली. एका प्रसूतिगृहात नर्स होती, आणि दिवसभर इतर बायकांची बाळं धुऊनपुसून त्यांच्या हातात देत होती. ओवी शाळेत जायला लागल्यापासून बिल्डिंगला एकच प्रश्न पडला होता : दुसरं कधी? चौदाव्या मजल्यावरच्या मंजुळाकाकींनी तर लिफ्टमध्ये सरळ सांगितलं होतं, ‘‘अगं, एकाला एक सोबत पाहिजेच. चप्पलसुद्धा कोणी एक घेत नाही.’’ मेघना हसून आपल्या मजल्यावर उतरली होती.

पूजेच्या आठवडाभर आधी मात्र गोष्ट हसण्यापलीकडे गेली. त्याला कारण टॉवरची बांधणी. सगळ्या मजल्यांची बाथरूमं एकावर एक आणि त्यांच्या खिडक्या एकाच उभ्या पोकळीत उघडणाऱ्या. नानांना अंघोळ करताना गाऱ्हाण्याची तालीम करायची सवय. एका सकाळी त्या पोकळीतून वरपासून खालपर्यंत आवाज घुमला : ‘‘आमच्या मेघनाच्या पदरात एक झील घाल रे म्हाराजा!’’ झील म्हणजे मुलगा, हे लालबागेत कोणाला सांगावं लागत नाही. कढत पाण्याचे तांबे हातात धरून सारी बिल्डिंग कान देऊन उभी राहिली.

दुपारी मेघना ड्युटीवरून आली ती स्वयंपाकघरातच घुसली आणि तिने ओट्यावर चिंचेचा गोळा, आवळे आणि एक लोणच्याची बरणी मांडली.

‘‘हे काय गो?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘लिफ्टमध्ये मिळालं. मंजुळाकाकी म्हणाल्या, आता खावंसं वाटेल. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्या हातातली कांद्यांची पिशवी ओढून घेतली, म्हणाले आता वजन उचलायचं नाही. आई, मी रोज वॉर्डात बायकांना उचलून बसवते. मला कांदे जड होणार आहेत का?’’

वहिनींना हसू आवरेना. मेघनाला येत नव्हतं.

‘‘हसू नका ना! मी एकच म्हणते तर लोकांना वाटतं मला पोरांचा कंटाळा आहे. माझा दिवस जातोच पोरांत. ओवीच्या वेळी सुट्टी संपल्या दिवशी मी कामावर गेले ती तुमच्या जिवावर. आता कुठे मला इन्चार्ज करताहेत, आता कुठे संध्याकाळी ओवीबरोबर बसायला मिळतंय. मला हे असंच आवडतं. कमी आहे म्हणून भागवतेय असं नाही, मला एवढं पुरतं. आणि रूपेशलाही पुरतं. त्याला फक्त ते नानांना सांगायचं नाहीये.’’

बाहेरच्या सोफ्यावरून रूपेश म्हणाला, ‘‘बोलणार होतो मी. टायमिंग बघत होतो.’’

‘‘किती वर्षं बघतोयस?’’

‘‘अगं, नानांशी बोलायचं म्हणजे मूड बघावा लागतो. तू टेन्शन नको घेऊ.’’ एवढं बोलून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

मेघना वहिनींकडे वळली. तिचा आवाज खाली आला. ‘‘आई, तुम्हाला काय वाटतं? दुसरं झालं तर सांभाळणार तुम्हीच. सगळे मला विचारतात. तुम्हाला कोणी विचारलंय का?’’

वहिनींच्या हातातली पळी आमटीतच थांबली. या ओट्यापाशी आणि त्याआधी चाळीतल्या चुलीपाशी त्यांना आजवर पुष्कळ गोष्टी विचारल्या गेल्या होत्या. मीठ घातलं का, माझा रुमाल कुठे, पाणी किती वाजता येणार. पण हे नव्हतं विचारलं कोणी.

‘‘थांब गो जरा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माका ह्या कधी कोणी इचारूक नाय. उत्तर तयार नाय.’’

उत्तर तयार व्हायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ यावी लागली. ओवी परळच्या मैदानावर फुटबॉल शिकायला जायची आणि वहिनी कडेच्या बाकावर तिची पाण्याची बाटली धरून बसायच्या. नात गोलपोस्टमध्ये उभी राहून पुढच्या पोरींवर खच्चून ओरडत होती. आवाज कोणावर गेलाय हे सांगायला नको होतं. वहिनी बघत होत्या आणि मनाशी हिशेब लावत होत्या. दुसरं आलं तर काय, त्यालाही वाढवू. गुडघे कुरकुरतील, करू देत. पण हल्ली ओवी शाळेत गेली की दुपारी त्या सोसायटीच्या खोलीत कॅरम खेळायला जात. आयुष्यात पहिल्यांदा सोंगटीला हात लावला आणि महिन्याभरात सेक्रेटरी जयवंतला त्यांनी असा हरवला की तो बोर्डात खोट शोधत बसला. सासूच्या, मेंबरांच्या, पोरांच्या, नातीच्या वेळा सांभाळून झाल्यावर त्यांना ही एक दुपार मिळाली होती. ती पुन्हा दुधाच्या बाटल्या उकळण्यात घालवायची का? नको. हा ‘नको’ मनात इतका स्पष्ट उमटला की वहिनी स्वतःच दचकल्या. मग त्यांना मौज वाटली. अरे, आपल्यालाही मत आहे की!

घरी आल्यावर त्यांनी नानांना गाठलं. नाना स्वयंपाकघराच्या दाराशी पूजेचा नारळ सोलत बसले होते.

‘‘ओ, आयकतात मा? त्या झिलाचा गाऱ्हाणा घालू नका.’’

‘‘कित्याक?’’

‘‘मेघनाक नको हा.’’

‘‘आता नको वाटता. देवान दिल्यार घेतली.’’

‘‘देव देतलो. आणि न्हाणतलो कोण? तो काय सकाळी उठान दूध तापवक येतलो?’’

‘‘तू आसस मा!’’

‘‘ह्याच!’’ वहिनींनी ओट्यावर हात आपटला. ‘‘तुम्ही सगळ्यांनी मिळून पोरां मागायची आणि ‘तू आसस मा’ माका सांगायचा. माका पण नको हा.’’

नानांनी नारळ खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. ‘‘तुका वाटता मी हट्टान बोलतंय? आजोबांनी गाऱ्हाणा घातल्यानी, मगे बाबांनी, मगे मी. माझ्यामागे कोण? तुझो झील? गेल्या वर्सा त्येच्या हातात नारळ दिलंय, तर म्हणता कसो, ‘हॅलो, देवा!’ मिल गेली, चाळ गेली. ह्यो आवाज तरी रवांदे.’’

सोफ्यावरच्या रूपेशने टीव्हीकडे तोंड फिरवलं. वहिनींना नवऱ्याचं वाईट वाटलं. खरं दुखणं तिथे होतं तर. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘ओवी असा.’’

मोजे काढत बसलेली ओवी लगेच म्हणाली, ‘‘नाना, मला गोलकीपर व्हायचंय. मी ओरडेन, पण फक्त डिफेन्सवर.’’

‘‘बघ,’’ नाना म्हणाले. ‘‘आणि मी देवाक सांगान बसलंय. शब्द मागे कसो घेव?’’

‘‘बाथरूमातलो शब्द देव धरीत नाय. तुम्ही न्हाताना तो बिचारो तोंड फिरवून बसता.’’

नाना खो खो हसले, पण नारळ पुन्हा उचलून सोलायला लागले. माणूस हसला म्हणजे मानला असं नसतं, हे वहिनींना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

पूजेच्या दिवशी पोडियमवरच्या पार्किंगमध्ये मांडव घातला. गाड्या एका बाजूला सरकवल्या, केळीचे खांब उभे राहिले, शिऱ्याचा वास वरच्या मजल्यांपर्यंत गेला. आरती झाली आणि नाना नारळ घेऊन उभे राहिले. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि तो आवाज.

‘‘बा देवा म्हाराजा! हनुमान हाइट्सच्या तुझ्या लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ वहिनींनी सुरू केलं, सगळ्यांनी उचललं.

‘‘लिफ्टीत कोणी आडाकलो, तर त्येका सुखरूप भायर काढ रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘बिल्डरान कबूल केलेली बाग अजून आमका दिसाक नाय, त्येका बुद्धी दी रे म्हाराजा!’’

हा हुंकार इतका मनापासून पडला की केळीचे खांब हलले. मग नाना थांबले. त्यांनी नारळ कपाळाला लावला. वहिनींनी मागे वळून पाहिलं. ड्युटीवरून परस्पर आलेली मेघना शेवटच्या रांगेत ओवीचा हात धरून उभी होती आणि फरशीकडे बघत होती.

‘‘आणि म्हाराजा! आमच्या घरात एक चेडू दिलंस, गुणाचा असा. आता त्येच्या पाठीर एक झील दी, आणि पालवांचो आवाज बंद पडूक देव नको रे म्हाराजा!’’

हुंकार पडला नाही.

लोकांनी सवयीने श्वास भरून ठेवले होते आणि ते वहिनींच्या ‘व्हय’ची वाट बघत होते. वहिनी समईकडे बघत होत्या. जयवंतने धीर करून ‘व्ह—’ असं सुरू केलं, पण आपण एकटेच आहोत हे कळताच गरम बटाटवडा गिळावा तसा तो शब्द गिळून टाकला. नानांनी मागणं पुन्हा म्हटलं, जरा वरच्या पट्टीत. कोणाच्या तरी हातातली वाटी पडली, ती गोल गोल फिरून निजली, तेवढाच आवाज.

चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडायचं वहिनींच्या मनात कधीच नव्हतं. पण मागे मान खाली घातलेली सून होती, आणि हुंकार दिला असता तर तो तिच्या पोटावरचा शिक्का झाला असता. गप्प राहूनही भागणार नव्हतं. नानांनी तिसऱ्यांदा म्हटलं असतं, आणि कोणीतरी दयेपोटी साथ दिली असती. वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. पदर खोचला.

‘‘बा देवा म्हाराजा!’’

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतला तो आवाज कित्येक वर्षांनी पुऱ्या ताकदीने बाहेर आला. चाळीत बाईने कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. घालायचं नाही असं कोणी म्हटलंही नव्हतं. तशी वेळ आली नव्हती इतकंच.

‘‘हे बोलले ता मायेन बोलले, त्येंका समजून घे. माका तीन पोरां दिलंस. मागितली सासवेन, दिलंस तू, वाढवली मी. तिगांचो माका गर्व असा, तक्रार नाय. पण किती होयी, ता माका कोणी इचारूक नाय. परवा माझ्या सुनेन इचारल्यान. म्हणान आज मी तुका सांगतंय. आमका आमची ओवी पुरे! ज्येंका होया त्येंका दोन दी, चार दी, आम्ही पाळणो हलवक येव. पण जिच्या पोटाचो प्रश्न असा, तिना सांगल्याबिगर कोणी मागणा घातला, तर तू आयकू नको रे म्हाराजा! माझ्या सुनेच्या हाताक यश दी, आणि तिच्या वॉर्डातल्या सगळ्या बाळांची राखण कर रे म्हाराजा!’’

झालं. आणि आता भलताच पेच पडला. हुंकाराची सुरुवात नेहमी वहिनी करत, आणि या वेळी गाऱ्हाणं घालणाऱ्याच वहिनी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मंजुळाकाकींचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. वहिनींनी नानांकडे पाहिलं. नाना नारळ हातात धरून बायकोकडे टक लावून बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. साचेखात्यात एखादा साचा लागला की त्याच्या नुसत्या नादावरून कापड कसं उतरणार हे जुन्या कामगाराला कळतं; तसं काहीतरी ते ऐकत होते.

मग नानांनी छाती भरून घेतली.

‘‘व्हय म्हाराजा!’’

मागोमाग सगळ्या बिल्डिंगचा हुंकार कोसळला. कडेला उभ्या केलेल्या एका गाडीचा भोंगा आपोआप वाजायला लागला आणि तिचा मालक किल्ली शोधत धावला. शेवटच्या रांगेतली मेघना रडत होती आणि हसत होती. ओवी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा प्रयत्न करत होती. रूपेश आईजवळ आला आणि म्हणाला, ‘‘आई, मी हेच बोलणार होतो.’’ वहिनींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो शिरा वाढायला निघून गेला.

नाना वहिनींशेजारी येऊन बसले. शिऱ्याची वाटी अर्धी झाल्यावर म्हणाले, ‘‘‘राखण कर’ म्हणताना आवाज खाली सोडलंस. थय वर धरूचो असता.’’

‘‘दम लागलो.’’

‘‘दम आदी भरान घेवचो. पुढच्या वर्सा सांगतंय तुका.’’ जरा थांबून त्यांनी विचारलं, ‘‘सगळा पाठ कधी केलंस गो?’’

‘‘इतकी वर्सां आयकतंय. मी काय बहिरी?’’

एवढ्यात नवव्या मजल्यावरची अक्षदा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, स्वभावाने अबोल. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, ‘‘वहिनी, माझ्यासाठी घालाल का गाऱ्हाणं? मला एक हवंय.’’

वहिनींनी हातातली वाटी खाली ठेवली. ‘‘तुका होया? का घरच्यांका होया?’’

‘‘मला. सासूबाई तर आता काही म्हणतही नाहीत. मलाच हवंय.’’

‘‘मगे घालतंय,’’ वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा गुडघ्यावर हात ठेवला. या खेपेला उठायला मेघनाने हात दिला.

नाना त्यांच्याही आधी उठले होते. टोपी सारखी करत त्यांनी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल, नव्हे शिवडीपर्यंत ऐकू जाईल, अशी हाक मारली : ‘‘जयवंता! दुसरो नारळ आण, बेगीन! आणि खुर्चेवरची माणसां उठवा. माझी बायको गाऱ्हाणा घालता!’’